मदत हवी आहे: दाण्याच्या कुटाशिवाय घरचा स्वयंपाक

नमस्कार. माझी लेक अडीच वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी आजीच्या ताटातल्या काकडीच्या कोशिंबिरीचा एक घास तिनं खाल्ला आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. तपासणीत शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली. तिळाचीही निघाली, म्हणजे कुटाऐवजी तीळ हा सोपा मार्गही बंद. हरभरा, तूर, खोबरं चालेल असं डॉक्टरांनी सांगितलंय.

आमच्याकडे कुटाचा डबा मिठाच्या शेजारी असायचा. तिच्यापुरतं वेगळं रांधायचं नाही असं आम्ही ठरवलंय. सगळे जेवायला बसल्यावर ती दुसऱ्यांच्या ताटाकडे बघत राहते, ते बघवत नाही. सासूबाईंनी आपणहून डबा रिकामा केला, मिक्सरचं भांडंही नवं आणलं. फार आधार वाटला.

भरल्या वांग्यात डाळ्याचं कूट आणि भाजलेलं सुकं खोबरं घातलं, छान जमलं. कोशिंबिरीला ओलं खोबरं पुरतं.

अडलंय ते उपवासापाशी. कुटाशिवाय साबुदाण्याची खिचडी गोळा होते, आणि डाळं उपवासाला चालत नाही. राजगिऱ्याच्या लाह्या भरडून कुणी घातल्यात का? साबुदाणा किती भिजवायचा?

आणि संक्रांतीला तीळ न घालता गुळाच्या पोळीचं सारण कसं करता? बेसन-खोबऱ्याचं प्रमाण माहीत असेल तर कृपया सांगा.