चर्ट तापवताना तडकतो, चूक नेमकी कुठे?

पाषाणवेडा:
दगडी हत्यारं घडवायला सोपं जावं म्हणून चर्टचे (गारगोटीसारखा कठीण, धारदार फुटणारा दगड) मुठीएवढे गोटे बोटभर वाळूखाली पुरून वर तीन तास जाळ केला आणि लगेच उकरले. निम्मे तडकले, काहींवरून बशीसारखे खोलगट टवके उडाले. उरलेल्यांवर चकाकीही नाही. ताप कमी पडला की जास्त झाला?

छिलका:
ताप किती यापेक्षा तो किती झपाट्याने चढला-उतरला ते बघा. चर्टच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी असतं. एकदम तापलं की त्याची वाफ होते, बाहेर पडायला वाट नसते, मग टवके उडतात. त्यात अख्खा गोटा म्हणजे बाहेरून कढत आणि आतून गार. आधी फोडून दोनेक सेंटिमीटर जाडीचे छिलके करा, मगच तापवा.

भट्टी असेल तर 100 अंश सेल्सियसच्या आसपास रात्रभर ठेवून ओलावा घालवा. पुढे तासाला 25-30 अंश चढवत 250 ते 300 पर्यंत न्या आणि काही तास तिथेच राहू द्या. 400 च्या वर बहुतेक चर्टला जाळीदार भेगा पडतात, तो वाया गेलाच समजा. आणि कृपा करून गरम असताना उकरू नका! वाळू-राखेसकट दुसऱ्या दिवसापर्यंत निवू द्या.

गाभा:
चकाकी बाहेरून दिसतच नाही. तापवलेल्या तुकड्याचा एक छिलका काढा. जुना भाग मंद आणि शेजारची नवी खूण तुकतुकीत, तेल लावल्यासारखी दिसली तर काम जमलं. आता भेग कणांना वळसा न घालता कण कापत जाते, म्हणून ही गुळगुळी. पुरातत्त्वज्ञही हत्यारावर हीच जोडी शोधतात. नुसत्या लालीवर जाऊ नका. दगडात लोह असेल तर वणव्यातही तो लाल होतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या पिनॅकल पॉइंटला सुमारे 72 हजार वर्षांपूर्वी माणसं सिलक्रीट (सिलिकेने घट्ट जोडलेल्या वाळूचा दगड) सर्रास तापवत. पण सिलक्रीट चर्टपेक्षा बराच जास्त ताप सोसतो, त्याचे आकडे इथे लावू नका.

छिलका:
एक राहिलंच. शिंगाच्या टोकाने दाब देऊन बाणाची टोकं घडवायची असतील तरच हा खटाटोप करा. तापवलेला दगड सहज फुटतो, तसाच घाव बसला की धारही पटकन उडते. कुऱ्हाडीसाठी कच्चाच दगड घ्या. बेसाल्टला तापवून काही फायदा नाही, ऑब्सिडियन तर मुळातच ज्वालामुखीची काच, त्यालाही गरज नाही.