अल्कलॉइडला 'क्षाराभ' म्हणावं का?

मुक्ता_लिहिते: कॉलेजच्या प्रदर्शनाचे फलक मराठीत करतेय. नरक्या या झाडाची साल आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्याच्याच पेशी, कशात कॅम्प्टोथेसिन (कर्करोगावरच्या औषधांसाठी लागणारं अल्कलॉइड) किती, अशी तुलना आहे. अल्कलॉइडला, म्हणजे वनस्पतींतल्या निकोटीन, क्विनीनसारख्या नायट्रोजनयुक्त द्रव्याला, 'क्षाराभ' लिहिलं होतं. केमिस्ट्रीच्या सरांनी लाल रेघ मारली, वर "हा मिठाचा भाऊ का?" असा शेरा. मग लिहू काय?

खडीसाखर: सरांचं बरोबर आहे. क्षाराभ हिंदीतून आलाय. त्यांच्याकडे क्षार म्हणजे अल्कली, आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, आणि मीठ ते लवण. आपण शाळेत आम्ल, आम्लारी आणि क्षार शिकलो, त्यातला क्षार म्हणजे मिठासारखा. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरं धरतं, ते क्षार. विश्वकोशानेसुद्धा सरळ 'अल्कलॉइडे' लिहिलंय.

आघाडा: दरवेळी शरणागती कशाला? वैद्यांचा क्षार कसा करतात? आघाडा जाळायचा, राख पाण्यात कालवायची, निवळी गाळून आटवायची. अरबी 'अल्-कली' म्हणजेही राखच! १८१९ मध्ये जर्मन औषधनिर्माता माइस्नरने त्यावरूनच अल्कलॉइड शब्द पाडला. म्हणजे क्षाराभ, क्षारासारखा, तंतोतंत बसतो. पाठ्यपुस्तकवाल्यांनी क्षाराचं मीठ केलं, त्याला शब्द काय करणार?

प्लेटवाली: राखेची गोष्ट छान, पण माझं अर्धं आयुष्य टीएलसीच्या (अर्कातली द्रव्यं पातळ थरावर वेगळी करायची पद्धत) प्लेटा वाचण्यात गेलं. सदाफुलीच्या अर्काची प्लेट घ्या, ड्रॅगेनडॉर्फ हे अल्कलॉइड ओळखणारं रसायन फवारा, नारिंगी ठिपके उठतात. नरक्याची प्लेट मी आधी अतिनील दिव्याखाली धरते. कॅम्प्टोथेसिन असं निळं चमकतं की बघत राहावं. आणि हे महाशय आम्लाशी धड क्षारही बनवत नाहीत! अल्कलीसारखं ते अल्कलॉइड, हा अर्थ इथे मुळातच लंगडा. आघाडासाहेब, लंगड्या शब्दाचं शब्दशः भाषांतर करून काय मिळणार?

सातारकर: त्यापेक्षा 'सत्त्व' म्हणा की. आमच्या आजीला कळेल.

प्लेटवाली: आजी गुळवेलसत्त्व समजेल. ते तर खाली बसलेलं पिठूळ, म्हणजे बहुतेक स्टार्च.

सातारकर: गुळवेलीला अमृता म्हणतात आणि नरक्यालाही अमृताच. घोळ तिथूनच आहे.

खडीसाखर: नरक्याला अमृता कोण म्हणतं? फुलं हुंगून बघितलीत कधी? जुनं शास्त्रीय नावच मॅपिया फेटिडा, फेटिडा म्हणजे घाण वासाचं.

सातारकर: आमच्याकडच्या जंगलात आहे, रोज बघतो. तुम्ही पुण्यात बसून हुंगा.

मुक्ता_लिहिते: अहो, माझा फलक! अजून एक, पेशींचा जो गोळा होतो तो 'कॅलस'. शब्दकोशात 'घट्टा' मिळालं, तेच लिहिलंय.

प्लेटवाली: अरे देवा. घट्टा चपलेने पडतो गं! हा अगरच्या जेलीवर वाढलेला पिवळट, भुसभुशीत गोळा, चिमट्याने धरला तर विस्कटतो. कॅलसच ठेव. आणि त्यात कॅम्प्टोथेसिन सालीपेक्षा फारच कमी भरतं, हेही लिही. नाहीतर लोकांना वाटेल, आता सालीसाठी तोडली जाणारी झाडं वाचली.

आघाडा: कॅलसला 'पेशीपुंज' चालेल. आणि कॅम्प्टोथेसिन पहिल्यांदा वेगळं काढल्याचं श्रेय वॉल आणि वाणी या रसायनशास्त्रज्ञांना द्या. १९६६, चिनी झाडातून. मनसुख वाणी नंदुरबारचे!

सातारकर: नंदुरबारचे? मग ते नरक्याला काय म्हणत असतील?

खडीसाखर: अमृता नक्कीच नाही.