प्रकीर्णन, विनाश की विलोपन?

प्रतिप्रोटॉन (प्रोटॉनचा ऋण विद्युतभाराचा प्रतिकण) आणि अणुकेंद्र यांच्यावरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. 'स्कॅटरिंग'ला प्रकीर्णन लिहिलं, तर मैत्रीण म्हणाली, "हा किरकोळ खर्चाचा रकाना आहे का?" 'ॲनायहिलेशन'वर, म्हणजे कण आणि प्रतिकण भेटून दोघेही नाहीसे होतात त्यावर, तर गाडी पूर्ण अडलीय. विनाश, उच्छेदन, विलोपन यांतलं काय घ्यावं?

– प्रकीर्णन बिनधास्त ठेवा. मूळ धातू 'कॄ', म्हणजे विखुरणे. किरण, विकिरण, संकीर्ण ही सगळी त्याचीच भावंडं. रकान्यातलं 'प्रकीर्ण'सुद्धा इकडेतिकडे विखुरलेलंच की! फक्त विकिरण म्हणजे रेडिएशन, तिथे गल्लत नको.

– 'आदळून परत फिरतो' असं मात्र कुठे लिहू नका. प्रतिप्रोटॉनच्या बाबतीत अणुकेंद्र म्हणजे जवळजवळ काळी तबकडी: आत शिरू पाहणारा बहुधा पृष्ठभागावरच गिळला जातो. पण तरंगाच्या वाटेत काळी तबकडी आली की तिची सावली पडते आणि कडांपाशी विवर्तन होतं, म्हणजे तरंग वळून पसरतो. स्थितिस्थापक प्रकीर्णनाचा (ज्यात प्रतिप्रोटॉन आणि अणुकेंद्र दोन्ही जसेच्या तसे राहतात) मोठा भाग हा असा सावलीतून येतो. तबकडी पूर्ण काळी धरली, तर जेवढं शोषण तेवढंच हे प्रकीर्णन. 'टक्कर' शब्दात हे कुठे बसतं?

– दुसऱ्या शब्दाबद्दल. विनाश मला पटत नाही, कारण ऊर्जा कुठेच जात नाही. संथ प्रतिप्रोटॉन आणि प्रोटॉन मिळून सुमारे १८८० मेगाइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मोकळी होते आणि त्यातून सरासरी पाचेक पायॉन (हलके, अल्पायुषी कण) निघतात. अणुकेंद्रात हे घडलं की त्यातले काही आत घुसून आणखी प्रोटॉन-न्यूट्रॉन बाहेर उडवतात. माझं मत विलोपनाला. व्याकरणात स्वराचा लोप होतो, पण खूण म्हणून अवग्रह (ऽ) उरतो. इथे पायॉन उरतात. (उपमा ताणलीय, कबूल.)

– 'प्रति'मुळे होणारा एक घोटाळाही टाळा. वाचकाला वाटतं, प्रतिप्रोटॉनची गाठ फक्त प्रोटॉनशी. तसं नाही. तो न्यूट्रॉनशीही विलोपतो. पायॉनांचे विद्युतभार मोजायचे: बेरीज शून्य आली तर प्रोटॉन गेला, उणे एक आली तर न्यूट्रॉन. आत घुसलेल्या पायॉनांनी हिशेब थोडा बिघडतो, पण जड अणुकेंद्राच्या कडेला न्यूट्रॉनांचं प्रमाण किती, हे अशाच खुणांवरून शोधलं गेलं. १९५५ मध्ये बर्कलीला हा कण सापडला तेव्हापासून नाव तेच आहे, त्यामुळे 'प्रति' बदलता येणार नाही. एक तळटीप द्या.

– आभार. प्रकीर्णन, विलोपन आणि तळटीप, तिन्ही घेतो. 'विलोपतो' हे क्रियापद चालेल ना? 'विलोपन पावतो' लिहिलं की लेखाला शोकसभेचा सूर लागतोय.

– चालेल. निदान पायॉन तरी तक्रार करणार नाहीत.