संत्र्याच्या फोडीची गोळी चिकटते कुठे?

फोडीच्या आकाराची ती साखर लावलेली संत्रागोळी मिळेना म्हणून घरी केली, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या गोळ्या चिकटून एकच गोळा झाला, अशी तक्रार एकांनी लिहिलीय. चूक बहुतेक लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) घालण्याच्या वेळेत आहे. पाक उकळत असताना ते टाकलं की साखर फुटते, म्हणजे तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि अशी गोळी हवेतलं पाणी ओढते. मुंबईची हवा तर टपलेलीच असते!

पाव किलो साखर, ८० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज (दाट, चिकट पाकासारखं असतं), ८० मिली पाणी. साखर विरघळेपर्यंतच ढवळायचं. नंतर चमचा घातलात तर पाक रवाळ होतो. पातेल्याच्या कडेला उडालेले कण ओल्या ब्रशनं खाली उतरवा, तेही रवा धरायला पुरतात. १५० अंशांवर गॅस बंद. थर्मामीटर नसेल तर थेंब गार पाण्यात टाका: काचेसारखा कट्कन तुटला पाहिजे. वाकला, दातांना चिकटला, तर अजून दोन मिनिटं.

बुडबुडे बसले की अर्धा चमचा लिंबूसत्व, रंग, इसेन्स, आणि लगेच तेल लावलेल्या साच्यात. साचे, ग्लुकोज क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला मिळतात. पूर्ण गार झाल्यावर गोळ्या क्षणभर वाफेवर धरून बारीक साखरेत घोळवा, तासभर पंख्याखाली सुकवा, मग काचेची घट्ट बरणी.

जुलैत मात्र हा खटाटोप नकोच. डिसेंबर-जानेवारी बरा.