सोसायटीतलं ईव्ही चार्जिंग: तार सगळ्यांची, सॉकेट ज्याचं त्याचं

बी_विंग_कोथरूड (धागा सुरू करणारा)

आमची सोसायटी २००६ सालची, ८४ फ्लॅट. आज ११ इलेक्ट्रिक गाड्या आणि २३ स्कूटर आहेत. येत्या वार्षिक सभेत चार्जिंगचा ठराव येतोय. मी समितीत आहे, म्हणून माझं मत आधीच मांडतो. खोडून काढायचं असेल तर इथेच काढा, सभेत वेळ पुरत नाही.

गेल्या जूनमध्ये पहाटे सव्वापाचला वॉचमननं मला उठवलं. पार्किंगमध्ये जळका वास येत होता. तिसऱ्या मजल्याच्या किचनच्या खिडकीतून वायर खाली सोडलेली, तिच्या टोकाला एक्स्टेंशन बोर्ड, आणि पाऊस लागू नये म्हणून तो बोर्ड दुधाच्या पिशवीत गुंडाळून खांबाला बांधलेला. पिशवी वितळून बोर्डाला चिकटली होती. एका भोकाभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन आत खचलं होतं. वरून स्विच बंद करायला लावला आणि प्लग ओढला, तर पिना सुटेनात.

त्या घराला मी दोष देणार नाही. त्यांनी दोनदा लेखी अर्ज दिला होता आणि आम्ही समितीनं "बघू" म्हणून तो फायलीत ठेवला होता. चूक आमची.

समोर तीन वाटा आहेत. प्रत्येकानं आपापल्या मीटरवरून पार्किंगपर्यंत केबल ओढायची, ही एक. सोसायटीनं ईव्हीसाठी वेगळी जोडणी घेऊन पार्किंगभर एकच मुख्य लाइन फिरवायची आणि ज्याला हवं त्यानं त्यावर स्वखर्चानं सबमीटरसह (म्हणजे त्याचा वापर वेगळा मोजणाऱ्या छोट्या मीटरसह) सॉकेट बसवायचं, ही दुसरी. तिसरी म्हणजे बाहेरच्या कंपनीला जागा द्यायची. ती चार्जर लावेल, अ‍ॅपवर पैसे घेईल.

मी दुसऱ्या वाटेच्या बाजूनं आहे. तार सगळ्यांची असावी, सॉकेट ज्याचं त्याचं.

पहिली_गाडी

मला हे अजिबात पटत नाही. मी २०२१ मध्ये माझ्या मीटरवरून केबल घेतली, खर्च माझा, बिल माझं, कुणाला एक रुपयाचा त्रास नाही. आपल्या आहे त्याच जोडणीवरून घरी किंवा ऑफिसात गाडी चार्ज करता येते, हे केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच लिहिलेलं आहे. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि ईव्हीसाठी वेगळी जोडणी मागायचा हक्कही ग्राहकाला मिळाला. मग सोसायटीनं मध्ये कशाला यायचं?

सामाईक कामाचं काय होतं ते आपण लिफ्टच्या वेळी पाहिलंय. तीन कोटेशन, दोन सभा, एक तक्रार रजिस्ट्रारकडे, आणि दीड वर्ष. तोवर गाडी कशावर चालवायची?

बी_विंग_कोथरूड

तुमचा हक्क मला मान्य आहे. तुमची केबलही नीट टाकलेली आहे, मी पाहिली आहे. पण तुमचं पार्किंग मीटर रूमपासून बारा मीटरवर. सी विंगच्या मागच्या रांगेला तेच अंतर साठ मीटर पडतं. शिवाय आज अकरा गाड्या आहेत. चाळीस झाल्या की चाळीस केबली एकाच भिंतीवरून, एकाच डक्टमधून जाणार. मीटर रूममध्ये आत्ताच हात घालायला जागा नाही.

बिलाचाही हिशेब करून पाहा. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतात: १०० युनिट, ३००, ५००. ज्या घराचा वापर १८० आहे, त्यात गाडीचे महिन्याला दीडशे मिळाले की ते घर ३३० वर जातं आणि वरचे युनिट पुढच्या टप्प्याच्या महाग दरानं पडतात. ईव्हीच्या वेगळ्या जोडणीला हे टप्पे नाहीत.

पहिली_गाडी

टप्पे नाहीत, पण स्थिर आकार आहे ना! मंजूर भार, म्हणजे जोडणीवर जास्तीत जास्त किती वीज ओढायची ती मर्यादा, मोठा घेतला की वापर होवो न होवो, दर महिन्याला तो भरायचा. अकरा गाड्यांसाठी चाळीस गाड्यांचा भार घेणार का तुम्ही?

पेन्शनर_सहावा_मजला

माझे वय ७४. गाडी नाही, स्कूटर नाही, पुढे घेणारही नाही. माझ्या मेंटेनन्समधून दुसऱ्याच्या गाडीसाठी तार टाकायला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि सिंकिंग फंडाला तर हात लावूच नये. तो इमारतीच्या दुरुस्तीसाठी आहे.

त्याहून मोठी काळजी आगीची. मार्च २०२२ मध्ये लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटली, तो व्हिडिओ आपण सर्वांनी पाहिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा गेला. आमच्या पार्किंगच्या वर सहा मजले माणसे झोपतात. मला आणि माझ्या पत्नीला धुरातून जिना उतरता येईल का, याचा विचार ठराव लिहिणाऱ्यांनी करावा.

स्कूटरवाली_४०२

काका, तुमची भीती खरी आहे. पण वसईचा अपघात घरात झाला, आणि मला नेमकं तेच सांगायचंय. खाली पॉइंट नाही म्हणून मी रोज रात्री बॅटरी काढून चौथ्या मजल्यावर आणते. दिवाणखान्यात, दाराशेजारच्या प्लगला लावते. बाहेर पडायचा रस्ता तोच, आणि तिथेच बॅटरी. दोन मुलं आत झोपतात. रात्री एकदा तरी उठून मी तिला हात लावून बघते, गरम झाली का म्हणून.

तुम्ही खाली चार्जिंग नको म्हणालात, तर चार्जिंग थांबणार नाही, ते वर येईल, तुमच्या-माझ्या मजल्यावर. २३ स्कूटर आहेत सोसायटीत. माझ्यासारख्या किती जणी बॅटरी वर नेतात, हे समितीनं एकदा दारोदार विचारावं.

गाड्यांचं काय करायचं ते करा. स्कूटरची सोय आधी करा, आणि ती स्टिल्टखाली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये नको, कंपाउंडला लागून उघड्यावर, वर पत्रा टाकून.

वायरमन_३०_वर्षं

मी सोसायट्यांचीच कामं करतो. जळालेले बोर्ड मी पोत्यानं काढलेत. बहुतेक वेळा गाडीचा दोष नसतो. घरगुती सॉकेट मिक्सर-इस्त्रीसाठी असतं, घडीभर चालवायला. त्यावर सलग आठ तास पंधरा अँपिअर ओढले की आधी स्प्रिंग सैल होते, मग ठिणगी, मग ते तपकिरी वर्तुळ. इंडस्ट्रियल सॉकेट लावा, निळं असतं ते. प्रत्येक पॉइंटला वेगळा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की पडणारा स्विच, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. अर्थिंग मोजून घ्या, नुसती हिरवी वायर दिसली म्हणजे अर्थिंग झालं असं नसतं.

साठ मीटरवर अडीच स्क्वेअर एमएमची तार टाकली तर सोळा अँपिअरला चौदाएक व्होल्ट वाटेतच जातात, आणि ती सगळी उष्णता डक्टमध्ये. सहाची टाका.

दोन्ही साहेबांना माझं एकच सांगणं आहे. भार किती हवा यावर भांडताय, पण मेनवर, म्हणजे सोसायटीच्या मुख्य लाइनवर, रात्री किती अँपिअर जातात ते कुणी मोजलंय का?

वाकडकर_खजिनदार

तिसऱ्या वाटेबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून आमचा अनुभव. आम्ही बाहेरच्या कंपनीला जागा दिली. सुरुवातीला एक पैसा खर्च नाही, म्हणून सगळे खूश. करार वाचला तो सही झाल्यावर. सात वर्षं दुसऱ्या कुणाला चार्जर लावता येणार नाही, असं कलम होतं. वर्षभरात दर दोनदा वाढला. दोन चार्जर बंद पडले तर माणूस यायला तीन आठवडे. लोक रात्री अकरा वाजता गाडी काढून बाहेर चार्जिंगला जात होते.

छोटी_सोसायटी_१८_फ्लॅट

वाकडकरांचं ऐकून वाईट वाटलं, पण आमच्याकडे हीच वाट चालली. अठरा घरं, त्यातली निम्मी भाड्यानं, सचिव व्हायला कुणी तयार नाही. सबमीटरचं रीडिंग कोण घेणार, वसुली कोण करणार? मोठ्या सोसायटीतल्या उत्साही माणसांना हे कळत नाही. भाडेकरूलाही हीच वाट सोयीची. घरमालक अकरा महिन्यांच्या करारावर त्याच्यासाठी सॉकेट कशाला बसवेल? आम्ही करार दोनच वर्षांचा केला आणि 'फक्त आम्हीच' हे कलम खोडून घेतलं.

स्टुटगार्टहून

इथली पद्धत सांगते. जर्मनीत १ डिसेंबर २०२० पासून फ्लॅटच्या मालकाला चार्जिंग पॉइंट मागायचा कायदेशीर हक्क आहे. बाकीचे मालक 'नाही' म्हणू शकत नाहीत, पण तो कसा बसवायचा हे सभा ठरवते आणि खर्च मागणाऱ्याचा. हक्क एकट्याचा, पद्धत सगळ्यांची. काकांचा पैशाचा मुद्दा इथे आपोआप सुटतो, कारण ज्याला सोय नको त्याला वर्गणी नाही.

फक्त एक चूक टाळा. आमच्या इमारतीत पहिल्या चौघांनी मोठे चार्जर घेतले आणि मूळ जोडणीची क्षमता संपवली. पाचव्याला सगळ्यांच्या वाट्याची नवी लाइन टाकायचा खर्च एकट्याला सांगितला गेला. तो पाचवा मीच.

पहिली_गाडी

हे मात्र मी मानतो. मी स्वतः साडेसात किलोवॅटचा चार्जर घ्यायच्या विचारात होतो.

बी_विंग_कोथरूड

साडेसातची खरंच गरज पडते का, ते बघू. आपली गाडी दिवसाला सरासरी चाळीस किलोमीटर चालते. युनिटला सात किलोमीटर धरले तर सहा युनिट लागतात. साध्या ३.३ किलोवॅटच्या पॉइंटवर ते दोन तासांत भरतात. चाळीस गाड्या एकदम लावल्या तर १३२ किलोवॅट, आणि त्यासाठी ट्रान्सफॉर्मर बदलायची वेळ येईल. पण त्याच चाळीस गाड्यांना मिळून हवेत २४० युनिट. रात्री दहा ते सकाळी सात असे नऊ तास वाटून दिले तर २७ किलोवॅटच्या आसपास काम भागतं. हे वाटप एका मुख्य लाइनवरच जमतं. प्रत्येकाची केबल वेगळी असेल तर कुणाची गाडी कधी लागली हे कुणालाच कळणार नाही. माझा सगळा हट्ट या एका आकड्यासाठी आहे.

स्थिर आकाराबद्दल तुमचं बरोबर होतं. आत्ता लहान भार मंजूर करून घेऊ आणि गाड्या वाढतील तसा वाढवू. केबल मात्र पहिल्यापासून जाड टाकू, कारण फरशी दोनदा फोडायची नाही.

सोलर_बघणारा

पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराच्या सोलरला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, आणि त्या सामाईक वापरात ईव्ही चार्जिंगही धरलंय. ऊन दिवसा, गाड्या रात्री, हा प्रश्न नेट मीटरिंगनं सुटतो, म्हणजे दिवसा ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होते. ठरावात एक ओळ घाला.

पेन्शनर_सहावा_मजला

चौथ्या मजल्यावरील ताईंचे लिहिणे दोनदा वाचले. त्या रोज रात्री बॅटरी वर नेतात हे मला माहीत नव्हते. स्कूटरची सोय कंपाउंडलगत, उघड्यावर होत असेल तर माझा विरोध नाही. स्टिल्टखालच्या गाड्यांबाबत माझी शंका कायम आहे, आणि ज्यांच्याकडे वाहन नाही त्यांच्याकडून पैसे घेण्यास विरोधही कायम आहे. हे दोन्ही इतिवृत्तात लिहून घ्यावे.

बी_विंग_कोथरूड

काका, लिहून घेतो, आणि पैशाच्या बाबतीत ठराव बदलतो. मुख्य लाइनचा खर्च ज्यांना आत्ता पॉइंट हवाय ते वाटून घेतील. नंतर येणाऱ्यानं त्यातला आपला वाटा भरायचा, तो आधीच्यांना परत जाईल. सिंकिंग फंडाला हात नाही. कामाची सुरुवात स्कूटरच्या रांगेपासून, कंपाउंडच्या भिंतीलगत. आगीच्या शंकेवर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. स्टिल्टमधले पॉइंट जिन्यापासून लांबच्या रांगेत घ्यायचे आणि सगळ्यांचा मिळून एक मेन स्विच वॉचमनच्या केबिनबाहेर ठेवायचा, एवढं नकाशात आखलंय. तुम्ही येऊन पाहा, चुकलं असेल तर सांगा.

वायरमन दादांचं ऐकून आमच्या वायरमनला रविवारी बोलावलंय. सात रात्री मेनवर क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखं लावून करंट मोजणारं) लावून दर तासाला अँपिअर लिहायचे. वॉचमन तयार आहे, वही मी दिली आहे.

आणि तिसऱ्या मजल्याला सभेपर्यंत थांबवणं बरं नाही, म्हणून पंपरूमशेजारी एक निळं सॉकेट तात्पुरतं बसवलंय, आरसीसीबी आणि सबमीटरसह. काल रात्री त्यांनी पहिल्यांदा गाडी लावली. सकाळी रीडिंग ५.८ युनिट.