घायपाताचं मोठं झाड हलवायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सासवडजवळ आमच्या फाटकालगत पिवळ्या कडांच्या घायपाताचं, म्हणजे अगेव्ह अमेरिकानाचं, जुनं झाड आहे. घेर पाच फुटांच्या वर गेलाय आणि पानाच्या टोकाचा काटा नेमका नातीच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो. शेजारी म्हणतात, टोकं छाटून टाका. छाटलेलं झाड मला बघवत नाही, म्हणून ते मागच्या अंगणात न्यायचं ठरतंय.

अडचण अशी की मागे काळी माती आहे, पावसाळ्यात पाणी साचतं. मुरूम आणि जाड वाळू टाकून दीड-दोन फूट उंच ढीग करून त्यावर लावलं तर बुंधा कुजणार नाही ना? आणि हे काम आत्ता मे महिन्यात करावं की पाऊस सरल्यावर? तुटलेल्या मुळांच्या जखमा सुकू द्याव्या लागतात, पण एवढ्या मोठ्या झाडाला किती दिवस उघडं ठेवायचं?

दुसरं, मधली पानं हल्ली लहान आणि घट्ट दिसतात. फुलाचा दांडा येण्याची ही खूण असते का? दांडा आला की मूळ झाड मरतंच, मग एवढा खटाटोप कशाला. बुडाशी आलेली पिल्लंच काढून लावीन. पिल्लं किती मोठी झाल्यावर काढता? पिवळा पट्टा टिकतो का?

माळीबुवांच्या हाताला याचा चीक लागून भयंकर खाज सुटली होती. हातमोज्यांखेरीज काय वापरता, तेही सांगा. फोटो खाली टाकतोय.