ट्रॉय पडल्यावर तिथल्या बायकांचं पुढे काय झालं?

रात्रपाळी:
लाकडी घोडा, अकिलीसची टाच वगैरे माहितीये, पण शहर पडल्यावर राजवाड्यातल्या बायकांचं काय झालं ते एका जागी कुठे मिळेना. हेलन नवऱ्याबरोबर स्पार्टाला परत गेली म्हणे, म्हणजे जिच्यापायी सगळं झालं ती सुटली? बाकीच्यांचं सांगा ना कुणीतरी.

जुनाट:
जिंकलेल्या ग्रीक सरदारांत वाटणी झाली, दुसरं काय. राणी हेक्युबा ओडिसियसला. तिची मुलगी कसांड्रा अथीना देवीच्या मूर्तीला धरून बसली होती, तिला धाकट्या एजॅक्सने तिथून ओढून काढलं, मग ती गेली ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन याच्याकडे आणि घरी पोचल्यावर त्याच्या बायकोने दोघांनाही संपवलं. दुसरी मुलगी पॉलिक्सेना, तिचा अकिलीसच्या थडग्यावर बळी दिला. सगळ्यात वाईट अँड्रोमाकीचं, कारण ज्याने तिच्या नवऱ्याला, ट्रॉयचा राजपुत्र हेक्टरला मारून रथामागे फरफटवलं त्याच अकिलीसच्या पोराच्या, निओप्टोलेमसच्या वाट्याला ती आली, तान्हं बाळ तर तटावरून खाली फेकलं (कुणी म्हणतं ओडिसियसच्या सल्ल्याने, कुणी म्हणतं निओप्टोलेमसने स्वतःच). निओप्टोलेमसपासून तिला पुढे मुलगा झाला आणि शेवटी हेक्टरच्याच भावाशी, हेलेनसशी संसार.

मनमौजी:
शहर पडायची वाट कशाला बघायची, ब्रिसेइस घ्या की. ट्रॉयजवळचं लिर्नेसस शहर ग्रीकांनी लुटलं तेव्हा तिचा नवरा आणि तीन भाऊ एकाच दिवशी गेले, मारणाऱ्यांत अकिलीस, आणि ती त्याच्याच तंबूत. पुढे अगामेम्नॉनने तिला हिसकावून घेतलं तेव्हा तो युद्ध सोडून बसला म्हणून लोक याला लव्हस्टोरी म्हणतात, मला तर ते अजिबात पटत नाही, भांडण त्याच्या मानाचं होतं. इलियडमध्ये ती एकदाच मोठं बोलते, अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेतापाशी, आणि तिच्याबरोबर बाकीच्या बायकाही रडायला लागतात, नाव पॅट्रोक्लसचं पण प्रत्येकीचं रडणं आपापल्या दुःखाचं, असं होमरने तिथे सरळ लिहिलंय. अख्ख्या काव्यात मला ती ओळ सगळ्यात भारी वाटते.

जुनाट:
+१. हेक्टरलाही हे आधीच दिसतं बरं का, तो बायकोला म्हणतो की तू तिकडे ग्रीसमध्ये, आर्गोसला परक्या बाईच्या मागावर विणत बसशील, झऱ्यावरून पाणी भरशील.

तटावरची:
हे नुसतं पुराण नव्हतं हेही लक्षात घ्या. इ.स.पू. ४१६ मध्ये अथेन्सने मेलोस बेट घेतलं, हाती लागलेले मोठे पुरुष मारले आणि बायका-पोरांना गुलाम म्हणून विकलं. पुढच्याच वर्षी युरिपिडीसने ट्रॉयच्या बायकांवरचं नाटक अथेन्सच्याच रंगमंचावर लावलं, आता मेलोस डोक्यात ठेवूनच लिहिलं का यावर अभ्यासक भांडतात, पण बघणाऱ्यांत मेलोसला जाऊन आलेले बसले असतील ना. बक्षीस दुसरं मिळालं.

रात्रपाळी:
बापरे. आणि हेलन?

मनमौजी:
हेलन सुटली, हो. पण ट्रॉयमध्ये तिच्या दिमतीला कोण होती माहितीये? एथ्रा, अथेन्सचा राजा थीसियस याची आई. थीसियसने हेलनला लहानपणी पळवून आईकडे ठेवलं होतं, तिचे भाऊ सोडवायला आले ते या बाईलाच धरून घेऊन गेले. तेव्हापासून राजाची आई हेलनची दासी. ट्रॉय पडल्यावर नातवांनी शोधून काढलं तिला, तेव्हा पार म्हातारी झाली होती.